अ‍ॅलर्जीच्या औषधाचीच अ‍ॅलर्जी

डॉक्टर, नमस्कार. मी नाशिकला राहते, वय ४२, शाळेत शिकवते. कित्येक वर्षं सकाळी उठल्या उठल्या मला पंधरा-वीस शिंका येतात, नाक गळतं आणि मग दिवसभर चोंदलेलं राहतं. गेल्या पावसाळ्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा बुडेसोनाइडचा स्प्रे दिला. पहिले दोन आठवडे खरंच बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात नाकाच्या आत खाज सुटली, खपल्या धरायला लागल्या, नाकाखाली आणि वरच्या ओठावर लाल चट्टा आला आणि एका सकाळी पापण्या सुजल्या. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, "हे तर अ‍ॅलर्जीवरचंच औषध, त्याची अ‍ॅलर्जी कशी येईल? दिवसातून दोनदा मारा." दोनदा मारल्यावर त्रास दुप्पट झाला. शेवटी मीच बंद केला, तेव्हा दहा दिवसांत चेहरा निवळला. महिन्याभराने लग्नाला जायचं होतं म्हणून दोन दिवस पुन्हा मारला, तर तिसऱ्या दिवशी पापण्या परत सुजल्या. रक्ताची अ‍ॅलर्जीची मोठी तपासणी केली, त्यात घरातल्या धुळीशिवाय काही निघालं नाही. सासूबाई म्हणतात, स्टिरॉइड घरातच नको. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला दमा आहे. तिला हेच बुडेसोनाइड पंपातून आणि थंडीत कधीकधी नेब्युलायझरने देते. तिला वाफ देते तेव्हाही माझ्या पापण्या चुरचुरतात, पण ते जागरणाने असेल. तिचंही बंद करू का? आणखी एक: गालावर वांग आहे, त्यावर तीन-चार वर्षं एक क्रीम लावत होते. त्याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, नाशिक

ताई, सगळ्यात आधी मुलीबद्दल. तिचा पंप बंद करू नका. एक दिवसही नाही. तुमच्या अंगाने एखादं औषध नाकारलं म्हणून तुमच्या मुलीचं अंग ते नाकारेल असं नसतं. तुमच्या पत्रातून जी अ‍ॅलर्जी दिसते आहे ती आईकडून मुलीकडे येत नाही. ती ज्याची त्याला, त्या वस्तूशी संबंध येऊन येऊन तयार होते. पंपातलं औषध तिच्या श्वासनलिकेची सूज रोज थोडी थोडी धरून ठेवतं. ते अचानक थांबवलं तर चार दिवस काही वाटत नाही, आणि मग एखाद्या रात्री धाप लागते. सासूबाईंच्या मनात नातीची काळजीच आहे, ते मला कळतं. पण स्टिरॉइडला घाबरून पंप बंद केलेली आणि मग मध्यरात्री दवाखान्यात आणलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना एवढं नक्की सांगा की पंपातून फुफ्फुसात जाणारा डोस पोटातून घ्यायच्या गोळ्यांच्या मानाने फार लहान असतो, आणि तो मोजून दिलेला असतो.

आता तुमच्याकडे येते. मी त्वचेची डॉक्टर आहे. नाकाच्या आतलं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीच बघायचं, पण नाकाखालचा ओठ आणि पापण्या या माझ्याकडेच येतात, आणि तुम्ही लिहिलेलं सगळं मी समोर बसलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे. तुमच्या स्प्रेतलं बुडेसोनाइड हे एक स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडची अ‍ॅलर्जी येते. दुर्मीळ आहे, पण येते, आणि डॉक्टरांनी ती मनात आणली नाही तर सापडत नाही. तुमच्या डॉक्टरांनी जे म्हटलं ते बहुतेक सगळ्यांना आधी तसंच वाटतं, कारण स्टिरॉइड आपण देतो तेच मुळी अ‍ॅलर्जी शमवायला. पण ही काही कालपरवाची गोष्ट नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या एका बाईंना पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड टोचलं, १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं, आणि १९५९ साली हायड्रोकॉर्टिसोनच्या मलमाची अ‍ॅलर्जी वैद्यकीय नियतकालिकात नोंदलीही गेली. २००५ साली अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञ संघटनेने कॉर्टिकोस्टिरॉइडांना, म्हणजे याच स्टिरॉइडांना, त्या वर्षीचं 'लक्ष द्यावं असं अ‍ॅलर्जन' ठरवलं, ते याचसाठी की डॉक्टरांनी ही शक्यता डोक्यात ठेवावी.

तरीही स्प्रे मारून नाक हुळहुळलं की ती अ‍ॅलर्जीच, असं कोणी समजू नये. हे मी तुमच्यासाठी कमी आणि हे सदर वाचून उद्या स्वतःचा स्प्रे कचऱ्यात टाकायला निघालेल्यांसाठी जास्त लिहिते आहे. या स्प्रेंनी नाक कोरडं पडतं, मारल्या मारल्या चुरचुरतं, एखादी शिंक येते, घसा खवखवतो, कधी नाकातून रक्ताचा थेंब येतो. यातलं बरंचसं मारण्याच्या पद्धतीमुळे होतं. बहुतेक जण मान मागे टाकून, नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे रोखून जोरात मारतात आणि मग सर्रकन ओढतात. औषध पडद्यावर आदळतं, तिथे जखम होते आणि उरलेलं घशात उतरतं. मान जरा पुढे झुकवायची, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरायचा, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळतं. दाबायचं आणि फुलाचा वास घ्यावा तितकाच हलका श्वास घ्यायचा. ही एक गोष्ट सुधारली की निम्म्या तक्रारी जातात. आणखी एक, या औषधाचा पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात, तेवढा धीर धरावा लागतो.

तुमची गोष्ट मात्र अशी नाही. तुमच्या पत्रातल्या चार गोष्टींवर माझी नजर थांबली. एक, त्रास पहिल्या दिवशी आला नाही, दोन आठवडे सुखाचे गेल्यावर आला. नुसती चुरचुर असती तर ती पहिल्या फवाऱ्यापासून असती. दुसरं, तुम्ही आगीपेक्षा खाज लिहिली आहे. तिसरं, चट्टा औषध पडतं तेवढ्यावर थांबला नाही, ओठावर उतरला, पापण्यांवर चढला. पापणीची कातडी साऱ्या अंगात पातळ, म्हणून चेहऱ्यावरची कुठलीही अ‍ॅलर्जी तिथे आधी बोलते. आणि चौथं, सगळ्यात मोठं: थांबवल्यावर गेलं, पुन्हा मारल्यावर दोन दिवसांत परत आलं. पहिल्यांदा तीन आठवडे लागले आणि दुसऱ्यांदा दोन दिवस, हा फरकच सांगतो की मधल्या काळात शरीराने ती वस्तू ओळखून ठेवली होती.

तुमच्या रक्ताच्या तपासणीत ते का निघालं नाही, तेही सांगते, कारण त्यावर तुमचे बरेच पैसे गेले आहेत. अ‍ॅलर्जी म्हणून आपण ज्याला हाक मारतो त्या निदान दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक तात्काळची. त्यात आयजीई नावाची प्रतिपिंडं काम करतात, आणि काही मिनिटांत शिंका सुटतात, अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात. दुसरी उशिराची. त्यात रक्तातल्या टी पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, काम करतात, आणि त्यांना गोळा व्हायला एक, दोन, कधी चार दिवस लागतात. रक्ताची ती मोठी तपासणी फक्त पहिल्या प्रकारचं आयजीई मोजते. तिच्यात धूळ निघाली ती खरीच आहे. तुमच्या सकाळच्या शिंका तिच्याच, घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांच्या. पण दुसऱ्या प्रकाराबद्दल ती तपासणी काहीही सांगू शकत नाही, कितीही महागडी घेतली तरी. तिच्यात बुडेसोनाइड निघालं नाही याचा अर्थ ते निर्दोष ठरलं असा होत नाही.

आता तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांनाही पडलेला प्रश्न: जे औषध सूज मारतं, ते स्वतःच उठवलेली सूज का मारत नाही? मारतं. निदान मारायचा प्रयत्न करतं. म्हणूनच या अ‍ॅलर्जीचं सोंग ओळखता येत नाही. एखाद्या केसांच्या कलपाची अ‍ॅलर्जी आली की कपाळ, कान भडकून उठतात, कुणालाही दिसतं. स्टिरॉइडची अ‍ॅलर्जी मात्र धुमसते. एकीकडे टी पेशी आग लावतात, दुसरीकडे औषध तीच आग दाबतं, आणि बाहेरून दिसतं ते एवढंच की रोग बरा होत नाही, उलट जरा वाढलाच आहे. मग डॉक्टरांना वाटतं डोस कमी पडतोय. वाढवला की जळण वाढतं.

ही ओढाताण मी एकदा डोळ्यांनी पाहिली आहे. एका पेशंटच्या पाठीवर तपासणीसाठी बुडेसोनाइडची पट्टी लावली होती. दोन दिवसांनी पट्टी काढली तर मधोमध कातडी स्वच्छ, जरा फिकटच, आणि भोवती मात्र बारीक पुरळाची लाल कड, बांगडी टेकवून काढावी तशी. मध्यभागी औषध भरपूर होतं, त्याने आपलीच सूज दाबून टाकली. कडेला ते पातळ झालं होतं, तिथे दाबण्याची ताकद संपली आणि अ‍ॅलर्जी उमटली. आठव्या दिवशी त्यांना परत बोलावलं तोवर मधलं औषध ओसरलं होतं आणि बांगडी आतून भरून गेली होती. ते पाहिल्यापासून मी स्टिरॉइडची पट्टी दोन दिवसांत वाचून 'काही नाही' असं कधी लिहिलेलं नाही.

तुम्हाला हीच तपासणी करून घ्यायची आहे. तिचं नाव पॅच टेस्ट. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवतात, प्रत्येक चकतीत एकेक संशयित. दोन दिवसांनी पट्ट्या काढून पहिल्यांदा बघतात, मग चौथ्या दिवशी. तुम्ही आग्रहाने सातव्या दिवशीही वाचन मागा. बऱ्याच ठिकाणी दोन वाचनांवर काम उरकतात, आणि इतर गोष्टींसाठी ते पुरतंही, पण स्टिरॉइडचा निकाल उशिरा उमटू शकतो. चकत्यांमध्ये बुडेसोनाइड आणि टिक्सोकॉर्टॉल पिव्हालेट असायला हवीत. स्टिरॉइडच्या अ‍ॅलर्जीचे ते दोन मुख्य खबरे आहेत. आणि तुमची स्वतःची स्प्रेची बाटली बरोबर न्या. ती फेकली नसेल अशी आशा करते. खोकाही न्या.

खोका यासाठी की बाटलीत एकटं बुडेसोनाइड नसतं. पाण्यात तरंगतं ठेवण्यासाठी सेल्युलोजचे प्रकार असतात, पॉलिसॉर्बेट ८० असतं, आणि औषध खराब होऊ नये म्हणून एखादं परिरक्षक असतं. ते पोटॅशियम सॉर्बेट असेल किंवा बेंझाल्कोनियम क्लोराइड. खोक्यावर अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचा. बेंझाल्कोनियम हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण ते डोळ्यांच्या थेंबांमध्येही सर्रास असतं. डोळ्यांत कुठले थेंब घातल्यावर पापण्या खाजल्याचं आठवतं का, तेही डॉक्टरांना सांगा. फ्लुटिकासोन प्रोपिओनेट या दुसऱ्या स्टिरॉइडच्या काही स्प्रेंना मंद गुलाबासारखा वास येतो, तो फिनाइलइथाइल अल्कोहोलचा. एखाद्याला तेवढंच सोसत नाही. सांगायचा मुद्दा हा की गुन्हेगार स्टिरॉइड आहे की त्याच्यासोबत बाटलीत बसलेलं दुसरं काही, हे ठरल्याशिवाय पुढचं औषध निवडणं म्हणजे अंधारात हात घालणं.

तपासणीच्या आधी चेहरा पूर्ण निवळलेला असू द्या. पाठीवर कुठलंही स्टिरॉइड मलम लावू नका. मध्यंतरी कुणी स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन दिलं असेल तर तसं सांगा, त्याने निकाल पुसला जाऊ शकतो. शिंकांसाठी घेता त्या सेट्रिझिनसारख्या गोळ्या या तपासणीला फारशा आड येत नाहीत. त्या आड येतात टोचून करायच्या तपासणीला. दोन्हींची लोकांकडून गल्लत होते. पट्ट्या असेपर्यंत पाठ कोरडी ठेवायची, म्हणजे अंघोळ कमरेखालची आणि बाकी ओल्या कपड्याने अंग पुसणं. घाम येईल असं काम नको. फळ्यावर वरपर्यंत हात नेऊन लिहिणं, वह्यांचे गठ्ठे उचलणंही नको, त्याने पट्ट्या सुटतात.

आता वांगाची क्रीम. ताई, हा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारला आहे, आणि मला वाटतं उत्तर बहुधा तिथेच आहे. तुम्ही क्रीमचं नाव दिलेलं नाही. वांगावर आपल्याकडे सर्वात जास्त खपणारी क्रीम तिहेरी असते: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि तिसरं एक स्टिरॉइड. ते तिसरं कधी मोमेटासोन असतं, कधी फ्लुओसिनोलोन अ‍ॅसिटोनाइड. तुमच्या ट्यूबवर फ्लुओसिनोलोन असेल तर माझा संशय पक्का होईल. स्टिरॉइडांच्या अ‍ॅलर्जीचे रेणूंच्या घडणीवरून गट पाडलेले आहेत, आणि १९८९ पासून वापरात असलेल्या वर्गीकरणात फ्लुओसिनोलोन अ‍ॅसिटोनाइड, ट्रायमसिनोलोन, डेसोनाइड आणि तुमचं बुडेसोनाइड एकाच गटात बसतात. चेहरेपट्टी सारखी असलेली भावंडं म्हणा. एकाशी वैर झालं की टी पेशी दुसऱ्यालाही तोच समजून धरू शकतात.

आणि वैर व्हायला यापेक्षा चांगली जागा नाही. ट्रेटिनॉइनने कातडी सोलते, हायड्रोक्विनोनने चरचरते, आणि त्या उघड्या पडलेल्या कातडीवर रोज रात्री, तीन-चार वर्षं, तेच स्टिरॉइड चोळलं जातं. बायकांच्या कपाटात मी ही ट्यूब किती वेळा पाहिली आहे! आरशाखाली, कंगव्याशेजारी, शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत आणलेली, अक्षरं पुसलेली. डॉक्टरांनी दीड-दोन महिन्यांसाठी लिहून दिलेली असते. चिठ्ठी हरवते, ट्यूबचं नाव पाठ होतं, आणि मेडिकलवाला देत राहतो. २०१८ साली केंद्र सरकारने नियम बदलून अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी दुकानात जाऊन नाव सांगितलं की ट्यूब हातात येते. मला याचा मनापासून राग येतो. तुमचा नाही, ताई. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की आत काय आहे. पण तुमच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला तर जरूर सांगा. अशी ट्यूब बंद केली की काही जणींचा चेहरा आधी भडकतो, म्हणून ती सोडतानाही त्वचेच्या डॉक्टरांना दाखवूनच सोडावी. तुमची जुनी ट्यूब सापडली तर तीही पॅच टेस्टला घेऊन या.

आणि मुलीला वाफ देताना पापण्या चुरचुरतात, त्याचं खापर जागरणावर फोडू नका. नेब्युलायझर औषधाचं धुकं करतो. मुलीच्या मास्कच्या कडांमधून ते बाहेर येतं आणि तिला मांडीवर घेऊन बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर पडतं. घरातल्या दुसऱ्याला दिलेल्या बुडेसोनाइडने काळजी घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर चट्टे उठल्याच्या नोंदी आहेत. तुमचं तेच होत असावं. उपाय औषध थांबवणं हा नाही. मास्क तिच्या चेहऱ्यावर नीट घट्ट बसू द्या, खिडकी उघडी ठेवा, आणि शक्य असेल तर वाफ द्यायचं काम काही दिवस मुलीच्या बाबांना किंवा आजीला द्या. सासूबाईंना हे काम सोपवलंत तर त्यांची भीतीही कदाचित कमी होईल. त्यांना नातीचा श्वास मोकळा होताना स्वतः दिसेल. तिच्या डॉक्टरांना विचारा की नेब्युलायझरऐवजी पंप आणि स्पेसरवर, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीवर, भागेल का. आठ वर्षांच्या मुलीला ते बहुतेक वेळा जमतं, आणि धुकंही उडत नाही. औषध दिल्यावर तिचा चेहरा पुसून घ्या, चूळ भरायला लावा. चुळेचा फायदा तिलाच आहे, तोंडात बुरशीचा पांढरा थर धरत नाही. नंतर तुमचे हात धुऊन मगच डोळ्यांना लावा.

तपासणी होईपर्यंत नाकाचं काय? मिठाच्या पाण्याने नाक धुणं सुरू करा. आपल्याकडे जलनेती नवी नाही. एक लिटर पाणी उकळून गार करा, त्यात चहाचा दीड चमचा सपाट मीठ घाला, म्हणजे साधारण ९ ग्रॅम होतं. पाणी उकळलेलंच हवं, नळाचं थेट नाकात घालू नका. नळाच्या पाण्यातून क्वचित असा अमीबा नाकावाटे मेंदूकडे जाऊ शकतो की त्यातून माणूस वाचणं अवघड. गोळी लागली तर फेक्सोफेनाडिनसारखी, झोप न आणणारी, डॉक्टरांना विचारून. सकाळी वर्गावर उभं राहायचं असतं तुम्हाला. उशांना आणि गादीला घट्ट विणीची खोळ घाला, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा. धुळीचे किडे झाडूने जात नाहीत, झाडून उलट हवेत उडतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसा.

आणि एक कळकळीची विनंती. स्टिरॉइड नको म्हणून मेडिकलमधून नाक लगेच मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब आणून रोज घालू नका. दोन मिनिटांत नाक उघडतं, म्हणून ते फार आवडतात. पाच दिवसांपलीकडे गेलात की थेंब उतरल्यावर नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं. वर्षानुवर्षं उशाखाली ती बाटली घेऊन झोपणारे लोक आहेत.

पॅच टेस्टमध्ये बुडेसोनाइड निघालं तर काय, ते आताच सांगून ठेवते, म्हणजे निकाल हातात पडल्यावर धसका बसणार नाही. स्टिरॉइड हे एका औषधाचं नाव नाही, मोठ्या खानदानाचं आहे. मोमेटासोन आणि फ्लुटिकासोन यांची घडण वेगळी असते आणि त्यांची अ‍ॅलर्जी बरीच कमी येते. त्यांची पट्टीही त्याच वेळी लावून पाहिली आणि ती स्वच्छ निघाली, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांपैकी एकाचा स्प्रे तुम्ही पुढे वापरू शकाल. तुमच्या शिंकांसाठी तो अजूनही सर्वात गुणकारी उपाय आहे, तो हातचा जाऊ नये असं मला वाटतं. टाळायची आहेत ती बुडेसोनाइडची भावंडं. त्यातलं ट्रायमसिनोलोन अचानक भेटतं: तोंड आल्यावर लावायची पेस्ट, गुडघ्यात किंवा जखमेच्या वाढलेल्या वणात द्यायचं इंजेक्शन. दंतवैद्याला सांगायचं राहून जातं, तिथे आठवणीने सांगा. निघालेल्या औषधाचं नाव कागदावर मराठीत आणि इंग्रजीत स्पष्ट लिहून पर्समध्ये ठेवा, मोबाइलमध्येही ठेवा. 'स्टिरॉइडची अ‍ॅलर्जी' असं मोघम मात्र कुठेही लिहू नका. उद्या खरंच गरज पडेल तेव्हा त्या दोन शब्दांमुळे डॉक्टर सगळीच स्टिरॉइडं द्यायला कचरतील, आणि त्यात तुमचं नुकसान होईल.

तात्काळची, जिवावर बेतणारी प्रतिक्रिया नाकाच्या स्प्रेने फारच क्वचित येते, आणि तुमच्या पत्रात तिची कुठलीही खूण नाही. तरी कुणालाही कुठल्याही औषधानंतर काही मिनिटांत अंगभर पित्त उठलं, जीभ किंवा घसा सुजला, धाप लागली, चक्कर येऊन अंधारी आली, तर वाट न बघता १०८ ला फोन करावा. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, गोळी नाही.

तुमच्या आधीच्या डॉक्टरांकडे निकाल घेऊन परत जा. त्यांच्याशी भांडायला नको. त्यांच्या पुढच्या पेशंटला तुमच्या अहवालाचा उपयोग होईल. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद पेशंटला स्वतःलाही करता येते. भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा फोन त्यासाठीच आहे, त्याला पैसे पडत नाहीत. फोन करताना खोका समोर ठेवा, ते बॅच क्रमांक विचारतील.

वेळेचं म्हणाल तर पट्ट्या सोमवारी लावून घ्या. म्हणजे बुधवारी निघतील, शुक्रवारी दुसरं वाचन आणि पुढच्या सोमवारी तिसरं, एकही वाचन रविवारी येत नाही. दिवाळीच्या सुट्टीतला सोमवार धरलात तर नाशिकला तोवर हवा गार झालेली असेल, पाठीला घाम येणार नाही, शाळेचं ओझं नसेल, आणि थंडी वाढून मुलीचा नेब्युलायझर बाहेर काढायच्या आत तुमचा निकाल हातात असेल.